मुकादमीचा वारसा

इसवी सन १८५३ मध्ये, ज्या वर्षी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, मुंबईतील काही बेने इस्राएल तरुणांनी आपल्या ज्ञातीत विद्येचा प्रसार व्हावा या हेतूने एक मंडळी काढली. तिचे प्रमुख चालक हयीम सॅम्युएल केहीमकर त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. मंडळीपाशी स्वतःची वास्तू नव्हती, गंगाजळी नव्हती, आणि ज्ञातीचा रीतसर कारभार ज्यांच्या हाती होता त्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत या पोरसवद्या चालकांना पाटही नव्हता. ज्या शाळेचे स्वप्न या तरुणांनी पाहिले ती इस्राएल शाळा प्रत्यक्षात उघडावयास १८७५ साल उजाडले; म्हणजे विशीत धरलेला हेका चाळिशी ओलांडल्यावर फळास आला. पुढे तीच शाळा माझगावात सर एली कदूरी यांच्या नावाने नांदू लागली. बेने इस्राएल समाजातील तरुणांचे स्वयंसेवी कार्य हा विषय हल्ली जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तो जणू कालपरवाच, परदेशी संस्थांच्या शिकवणीने, अवतरला आहे अशा थाटात निघतो, म्हणून आरंभीच हे साल सांगून टाकणे बरे.

हा समाज कोणता, हे कोकणातल्या वाचकास सांगावयास नको. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा वंशविस्तार, अशी परंपरागत कथा आहे. ती कोणत्या शतकातली याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही आणि होण्याचा संभवही दिसत नाही. वंशजांनी कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडले. पेण, रोहे, चौल, अष्टमी, दिवे, केहीम अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, दिवेकर, केहीमकर ही आडनावे झाली. ग्रंथ हरवले होते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. सुंता, शब्बाथ, काही उपवास आणि 'शेमा'चा उच्चार एवढे शिल्लक होते. डेव्हिड रहाबी नावाच्या पुरुषाने त्यांना धर्म पुनः शिकविला आणि झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील शिष्यांस काजी म्हणून नेमले, ही दुसरी कथा.

या समाजाची जुनी राज्यव्यवस्था मोठी मनोवेधक आहे. गावच्या अगर मशिदीच्या जमातीचा प्रमुख तो मुकादम. त्याच्या सल्ल्यास चौगुले. लग्ने लावावयास, तंटे तोडावयास काजी. जमाखर्च पाहावयास गब्बाई. प्रार्थना चालविणारा तो हज्जान आणि झाडलोटीपासून दिवाबत्तीपर्यंत सर्व पाहणारा तो शमाश. (प्रार्थनामंदिरास हे लोक मशीदच म्हणत, मशीद बंदर या स्थानकाचे नाव समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेल्या 'शाआर हा-रहमीम' या मंदिरावरून पडले, असे सांगतात.) शिवशाही-पेशवाईतली पाटील-चौगुल्यांची ग्रामसंस्था आणि तोराचे विधान यांचा असा बेमालूम संकर इतरत्र क्वचितच आढळेल. त्यात गुण पुष्कळ होते: जमातीतला मनुष्य उपाशी निजला किंवा प्रेत बेवारस राहिले असे सहसा होत नसे. पण मुकादमी बहुधा घराण्यात चाले, बापामागून मुलगा बसे, आणि 'गोरे' व 'काळे' इस्राएल असा भेद पाळून ज्ञातीतल्याच काही कुटुंबांस रोटीबेटीच्या व्यवहारात दूर ठेवण्याचे पातकही याच व्यवस्थेने निर्वेधपणे चालविले. तरुणाला या कारभारात शिरावयाचे तर एक तर मुकादमाच्या पोटी जन्म घ्यावा लागे, किंवा जे मुकादमास येत नाही असे काही तरी शिकून यावे लागे.

दुसरा मार्ग एकोणिसाव्या शतकात मोकळा झाला. १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक इकडे येऊ लागले. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले बसू लागली. मिशनऱ्यांचा हेतू त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता. तो जवळजवळ पूर्णपणे फसला, आणि जी विद्या त्यांनी धर्मांतराचे साधन म्हणून दिली तीच घेऊन ही मुले अधिक कट्टर यहुदी होऊन घरी परतली. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्रीची 'हगादा' मुंबईत मराठी अर्थासह शिळाप्रेसवर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगादेत तर लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत बसल्याची चित्रे आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या शिक्षकाने हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे एकामागून एक केली. मुकादमाची गादी जागच्या जागी राहिली. परंतु मशिदीत एखाद्या ऋचेचा अर्थ काय, अमुक उपवास धरावा की धरू नये, असा प्रश्न निघाला की माना आता गादीकडे न वळता ज्याच्या हाती पुस्तक आहे त्या तरुणाकडे वळू लागल्या.

१८८० च्या सुमारास मुंबईच्या काही तरुणांनी जे केले ते तर मराठी वाचकाने विशेष अगत्याने वाचावे असे आहे. हिंदूंच्या देवळांत हरिदासांची कीर्तने ऐकून बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांना वाटले की आपल्या अशिक्षित बायाबापड्यांस शास्त्र समजावून देण्यास याहून उत्तम साधन नाही. मग योसेफाची, मोशेची, एस्तेर राणीची आख्याने साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग यांत रचली गेली. कीर्तनकार उभा, मागे टाळकरी, पेटीवाला, तबलजी, आणि विषय मात्र मिसर देशातील दास्य आणि लाल समुद्राचे दुभंगणे! ज्या जमातीत हज्जानाची हिब्रू प्रार्थना बहुतेकांच्या डोक्यावरून जात होती तिथे पूर्वरंग-उत्तररंगाच्या वाटेने तोरा घरात शिरला. असे कीर्तन करावे अशी तजवीज कोण्या पंचायतीने केली नव्हती. त्यासाठी कोणास वेतन नव्हते. दिवसा कचेरीत कारकुनी करणारी, सर्व्हे खात्यात, रेल्वेत, पलटणीत नोकरी करणारी ही मंडळी होती. त्यांनी मिसरूड फुटलेल्या वयात हा उपद्व्याप आरंभिला, आणि हिब्रूत ज्याला मागे बसावे लागे त्याला मराठीत पुढे उभे राहता आले.

केहीमकरांचे चरित्र मात्र अशा कार्यकर्त्यांच्या वाट्यास काय येते याचेही दर्शन घडविते. शाळा, संस्था, पत्रव्यवहार यांत आयुष्य घालवून त्यांनी १८९७ मध्ये ज्ञातीचा बृहत् इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या पश्चात, हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिल्यानंतर.

स्त्रियांकडे वळलो की चित्र अधिक तेजस्वी होते. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत जी मुलगी पहिली आली ती रिबेका रूबेन, वय वर्षे सोळा. तिशी गाठण्याच्या आतच १९१७ पासून त्यांनी ज्ञातीचे वार्षिक संपादिले, आणि १९२२ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, केहीमकरांनी लावलेल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत त्याच खुर्चीवर राहिल्या. दरम्यान १९१३ मध्ये बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झाले होते. त्याच पिढीच्या डॉ. जेरुशा झिराड १९१९ मध्ये लंडनची एम. डी. पदवी मिळवून परतल्या, पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १९२५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी प्रार्थनासंस्था निघाली तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. मशिदीत सज्जात किंवा पडद्यामागे बसणाऱ्या स्त्रियांपैकी एक उठते आणि स्वतःचीच निराळी प्रार्थनासभा काढते, ही गोष्ट त्या काळी मुकादमांस कशी वाटली असेल याची कल्पना वाचकाने करावी. सनातनी आक्षेप पुष्कळ आले, संस्था लहानच राहिली; तथापि ती बंद पडली नाही.

सर्वच तरुण चळवळी अशा सुफळ झाल्या असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. १९१७ मध्ये मुंबईत बेने इस्राएल परिषद भरली आणि लवकरच जेकब बापुजी इस्राएल व डेव्हिड एरुलकर यांच्या नेतृत्वाखाली ऑल इंडिया इस्राएलाइट लीग ही प्रतिस्पर्धी संस्था उभी राहिली. राजकीय हक्क मागावेत की मागू नयेत, सभासद कोणी व्हावे, असे वाद होते. वादांपेक्षा अहंता मोठ्या होत्या. काही वर्षे दोन्हीकडून सभा, ठराव, नियतकालिके यांची झोड उठली आणि अखेरीस दोन्ही पक्ष थकून बसले. मराठी माणसास व यहुदी माणसास, दोघांसही, संस्था फोडण्याची विद्या जन्मजात असते असे म्हणतात. इथे तर दोन्ही वारसे एकाच घरात नांदत होते. त्याच पिढीत डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर झाले आणि डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींच्या उपवासात त्यांच्या शय्येशी वैद्य म्हणून बसले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे ज्ञातीबाहेर मोठी होणारी माणसे ज्ञातीच्या सभेत एकत्र बसू शकत नव्हती.

आणि मग जाण्याचे दिवस आले. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे वीस हजार असलेला हा समाज १९४८ नंतर इस्राएल देशाकडे ओसरू लागला. जातात ते नेहमी तरुणच. जो घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून नवी भाषा शिकू शकतो, ज्याच्या दंडात बळ आहे, तो प्रथम निघतो. ज्यांनी १९५० च्या व १९६० च्या दशकांत पुढची इस्राएल शाळा, पुढचे कीर्तन, पुढचे स्त्री मंडळ चालवावयाचे ती पिढी दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावी जाऊन बसली. तिथेही त्यांना सत्याग्रहाचेच पुढारीपण करावे लागले. वर्णावरून भेदभाव होतो म्हणून १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले आणि परत भारतात जाण्याची मागणी केली. १९६२ मध्ये धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांची वंशशुद्धी तपासण्याचे फर्मान काढले, तेव्हा तर लढा दोन वर्षे चालला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या आवारात बायकामुलांसह कुटुंबे ठाण मांडून बसली आणि ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेस त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. धर्मपीठाने फर्मान मागे घेतले. गांधीजींच्या देशात वाढलेल्या माणसांनी धरणे कसे धरावे हे कोणास विचारले नसणार. १९८७ पासून याच लोकांनी तिकडे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालविले, आणि कीर्तनाची परंपराही तिकडे आता बहुतांशी स्त्रियांच्या कंठात आहे.

मागे जे राहिले त्यांची संख्या आज भारतभर काही हजारांत मोजावी लागते. २००१ च्या जनगणनेत देशातील सर्व यहुदी मिळून पाच हजारही भरले नाहीत. त्यांतले बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे व रायगड या पट्ट्यात राहतात. वस्तीचा गुरुत्वमध्य उमरखाडी-भायखळ्याहून ठाण्याच्या बाजूस सरकला आहे. १८७९ मध्ये बांधलेली तेथील 'शाआर हशामायिम' ही मशीद आज गजबजलेल्या मशिदींपैकी एक आहे. परंतु अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथील वास्तू उभ्या असल्या तरी त्यांच्या भोवतीची घरे रिकामी झाली आहेत.

येथे एका कठोर अंकगणिताचा परिचय करून देणे भाग आहे. यहुदी शास्त्राप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर असावे लागतात. यास 'मिनियान' म्हणतात. नऊ पुरुष व शंभर स्त्रिया असल्या तरी सनातनी मशिदीत तोराची गुंडाळी रीतसर वाचता येत नाही, मृताच्या नातलगास 'कद्दीश' म्हणता येत नाही. मोठ्या समाजात या नियमाची आठवणही कोणास नसते; लहान समाजात दर शुक्रवारी सायंकाळी तोच एक विषय असतो. कोणी तरी एक तरुण दुपारपासून फोनवर असतो. अमक्याचे वडील आजारी आहेत, तमका पाळीवर आहे, तिसऱ्याची गाडी कुर्ल्यास अडकली आहे. सात झाले, आठ झाले. दाराशी पोलीस बसलेला असतो, कारण २००८ च्या नोव्हेंबरमध्ये नरिमन हाऊसवर जो हल्ला झाला त्यानंतर मुंबईतील यहुदी वास्तूंवर पहारे बसले. परक्या पाहुण्याचे ओळखपत्र पाहून, नाव नोंदवून त्यास आत घेण्याचे कामही याच तरुणांपैकी कोणाकडे तरी येते. सूर्य मावळतो, नववा येतो. दहावा मनुष्य चपला काढीत आत शिरला की हज्जान आरंभ करतो. सेवा हा शब्द आपण एरवी ऐच्छिक अर्थाने वापरतो; इथे घरी बसून राहिलेला एक मनुष्य उरलेल्या नऊ जणांची प्रार्थना अडवितो, आणि हे प्रत्येक तेरा वर्षांच्या मुलास ठाऊक असते. पुढारीपणाचे शिक्षण म्हणून जे काही वर्ग हल्ली भरतात त्यांपैकी कोणत्याही वर्गापेक्षा हे शिक्षण अधिक पक्के होय.

तरी वर्गही आहेत आणि ते निरुपयोगी नाहीत. अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी, जिला लोक नुसते 'जॉइंट' म्हणतात, ती आणि धंदेशिक्षण देणारी ओ. आर. टी. या संस्था १९६० च्या दशकापासून मुंबईत आहेत. त्यांच्या आश्रयाने 'ज्यूइश यूथ पायोनियर्स' हे तरुणांचे मंडळ चालते. लहान मुलांसाठी रविवारचे वर्ग भरतात, सणांचे मेळावे होतात, एकट्या वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करण्याचा परिपाठ आहे. वृद्धांचा हा प्रश्न इतर शहरी समाजांहून अधिक दुखरा आहे, कारण त्यांची मुले दुसऱ्या पेठेत वा दुसऱ्या गावी नसून समुद्रापलीकडे असतात. औषधाची चिठ्ठी, विजेचे बिल, बँकेतील हयातीचा दाखला, नातवाशी दृक्‌ध्वनीने बोलण्यासाठी फोन जुळवून देणे, अशी ही कामे. वर्तमानपत्रात छापून येण्याजोगे त्यांत काही नाही.

मलिद्याचा विधी जवळून पाहिला म्हणजे तरुण माणसास या समाजात काय काय यावे लागते ते कळते. नवस फेडावयाचा असो, लग्न असो, नव्या घरात पाऊल टाकावयाचे असो, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा मांडतात. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्यास या प्रेषिताच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत अशी श्रद्धा असल्यामुळे तिथे तर त्याचे विशेष महत्त्व. पातळ पोहे धुऊन निथळावयाचे, त्यांत ओल्या नारळाचा चव, साखर, वेलदोड्याची पूड, बेदाणे, काजू-बदामाचे काप घालून हलक्या हाताने कालवावयाचे. दाबून कालविले तर लगदा होतो. ताटात ढीग रचून भोवती खजूर, केळी, सफरचंद आणि मोसमातली इतर फळे मांडावयाची, वर गुलाबाच्या पाकळ्या. इथवरचे काम कोणीही जाणती गृहिणी करील. खरी परीक्षा पुढे: झाडाच्या फळाचा आशीर्वाद निराळा, जमिनीतून उगवलेल्याचा निराळा (आणि केळ शास्त्राने या दुसऱ्या वर्गात पडते), पोह्यांचा निराळा, सुगंधी वनस्पतीचा निराळा. कोणते प्रथम उचलावयाचे, कोणते मागून, हा क्रम हिब्रूतून म्हणावा लागतो. पूर्वी हज्जानास बोलावणे धाडले की भागे. आता हज्जानच थोडे. म्हणून पंचविशीतला एखादा संगणक अभियंता देवनागरीत लिहिलेले हिब्रू उच्चार समोर धरून क्रम चालवितो, आणि एखादी म्हातारी मध्येच त्याला थांबवून 'खजूर आधी, बाबा' असे सांगते. तो चूक सुधारतो आणि पुढे जातो. मुकादम, हज्जान व शिष्य या तिन्ही भूमिका त्या अर्ध्या तासात एकाच मनुष्याकडे असतात.

याहून अवघड सेवा मृतांची. प्रेतास स्नान घालणे, पांढरे कफन शिवणे, खांदा देणे, कबर भरेपर्यंत थांबणे ही कामे मोल घेऊन करून घ्यावीत असा संकेत नाही. महालक्ष्मीजवळ डॉ. ई. मोझेस मार्गावर, म्हणजे त्या बेने इस्राएल महापौरांच्याच नावाच्या रस्त्यावर, ज्ञातीची दफनभूमी आहे. विधी शक्यतो त्याच दिवशी उरकावा लागत असल्यामुळे निरोप आल्या क्षणी कचेरीतून उठून येणारी माणसे हवीत. पुरुषाच्या प्रेतास पुरुषांनी व स्त्रीच्या प्रेतास स्त्रियांनी स्नान घालावयाचे. शिवाय जी तरुण मुलगी हे काम शिकते तिला ते शिकविणारी वृद्धा फार काळ हयात राहील याची शाश्वती नसते, तेव्हा शिकणे तातडीचे असते. नेतृत्वावरच्या व्याख्यानांत हा विषय सहसा निघत नाही. प्रस्तुत लेखकास मात्र ज्ञातीची धुरा कोणाकडे जाणार हे पाहावयाचे असेल तर तो व्यासपीठाकडे न पाहता प्रथम या माणसांकडे पाहील.

ज्ञातीबाहेरच्या सेवेचीही परंपरा आहे आणि तिचे सर्वांत उजळ नाव मीरा महादेवन यांचे. बेने इस्राएल घराण्यात जन्मलेल्या या बाईंनी १९६९ मध्ये दिल्लीत, गांधी-शताब्दीच्या बांधकामावर मजुरांची पोरे धुळीत पडलेली पाहून, तिथेच तंबूत पाळणाघर उघडले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था वाढली. बेने इस्राएलांच्या स्थलांतराच्या पेचावर त्यांनी हिंदीत कादंबरीही लिहिली आणि १९७७ मध्ये, पन्नाशी न गाठताच, त्या गेल्या. अलीकडे २०१२ पासून 'गेब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' या संस्थेमार्फत परदेशी यहुदी तरुण कळव्याच्या झोपडपट्टीतील मुलांच्या शिक्षणासाठी व पोषणासाठी येऊन काम करून जातात. हे स्तुत्य आहे. पण एक गोष्ट न बोलता राहवत नाही. काही महिन्यांसाठी येणाऱ्या पाहुण्याचे कौतुक अधिक होते, त्याची छायाचित्रे निघतात; आणि ठाण्यात जन्मलेला मुलगा जो वर्षानुवर्षे दर शुक्रवारी नऊ माणसांस फोन करतो त्याचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही.

आता कारभाराकडे येऊ. मुकादमी नावाने उरलेली नाही. तिची जागा विश्वस्त मंडळांनी घेतली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने मशिदींची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी झाली. मशिदी आहेत, दफनभूमी आहेत, गावोगावी जमिनीचे तुकडे आहेत, जुने भाडेकरू आहेत. त्यांचे सातबारे, गहाळ कागद, अतिक्रमणे, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की दाखल करावयाचा बदल अर्ज, हा सर्व व्याप कंबर मोडणारा आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजास अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. त्याचे लाभ पदरात पाडून घ्यावयाचे तर अर्ज, दाखले, मुदती सांभाळणारा मनुष्य पाहिजे. हे काम सत्तरीतल्या विश्वस्तांपेक्षा तरुणांस अधिक सुलभ आहे, हे सत्तरीतले विश्वस्तही खाजगीत नाकारणार नाहीत. तथापि मेळाव्याच्या खुर्च्या मांडावयास, मांडव सजवावयास, पाहुण्यांस स्थानकावरून आणावयास तरुण, आणि जमाखर्चाच्या वहीस, बँकेच्या सहीस व कपाटाच्या किल्लीस वडील, ही वाटणी लहान समाजांत सर्वत्र दिसते. तिच्यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. बहुधा भीती असते, आणि ती निराधार नाही: ज्यास आज सही द्यावी तो पुढल्या वर्षी आलिया करून इस्राएलला निघून गेला तर? तयार केलेला मनुष्य निघून जाणे हे या समाजाच्या पाचवीस पुजले आहे.

परंतु या भीतीचा इतिहासातील दाखल्यांशी मेळ बसत नाही. केहीमकरांस जर पन्नाशीपर्यंत थांबावयास सांगितले असते तर शाळा निघालीच नसती. रिबेका रूबेन यांना तेहतिसाव्या वर्षी मुख्याध्यापिकेची खुर्ची देताना कोणास त्यांच्या भावी स्थिरतेचे जामीन मागावेसे वाटले नाही. जाणारा गेला तरी त्याने लावलेली नोंदवही, जुळविलेले कागद, शिकविलेली दहा मुले मागे राहतात. आणि न दिलेला अधिकार मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. स्त्रियांविषयी तर अधिकच स्पष्ट बोलले पाहिजे. मिनियानमध्ये त्यांस मोजावे की नाही हा शास्त्राचा प्रश्न आहे आणि तो ज्या त्या मशिदीने आपल्या श्रद्धेप्रमाणे सोडवावा. विश्वस्त मंडळावर बसावयास मात्र कोणत्याही ग्रंथाची आडकाठी नाही, आणि ज्या ज्ञातीने १९१३ मध्ये स्त्री मंडळ काढले तिला हे दुसऱ्या कोणी शिकवावे लागू नये.

तेव्हा मशिदींच्या विश्वस्तांस विनंती इतकीच की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मंडळावरील निदान दोन जागा पस्तिशीच्या आतील सभासदांसाठी राखाव्यात, त्यांपैकी एक स्त्रीची असावी, आणि दोहोंपैकी एकाकडे गब्बाईचे काम, म्हणजे पैशाचा हिशेब व बँकेची सही, रीतसर सोपवावे. त्यास एक ठराव आणि धर्मादाय आयुक्तांकडे एक बदल अर्ज पुरतो.